भोके पाडलेल्या कागदातले संगीत

शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून, उसनवारीवरून कज्जे कोर्टात जातात हे आपल्याला नवे नाही. पण कागदाला पाडलेली भोके म्हणजे संगीत की नव्हे, असा प्रश्न एखाद्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला असेल असे कुणाला वाटणार नाही. तो गेला होता. १९०८ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. निकाल असा, की अशा कागदाला संगीतरचनेची प्रत म्हणता येत नाही. तो केवळ यंत्राचा एक भाग आहे.

ही भोके होती आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदी गुंडाळीवरची. या पियानोला तिकडे प्लेअर पियानो म्हणत, आणि पुष्कळ लोक नुसतेच ‘पियानोला’ म्हणत. पियानोला हे वास्तविक एका कंपनीच्या मालाचे नाव. पण आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला जसे सर्रास डालडा म्हणत, तसेच ते झाले. गुंडाळीला म्हणत रोल. आपणही रोलच म्हणू.

त्या निकालाला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. हे पियानो मोडीत गेले, रोल माळ्यावर पडले, उंदरांनी खाल्ले. आणि आज पाहावे तर न्यायालयाने ज्याला प्रत म्हणायचे नाकारले, तो भोकांचा कागद हाच काही थोर संगीतकारांच्या हातच्या वादनाचा एकमेव पुरावा उरला आहे. तो कागद कोणी जपला, आणि नुसता जपून का भागत नाही, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

श्रोतेहो, आधी हे यंत्र चालते कसे ते पाहू. नाहीतर पुढचे सगळे हवेत राहील. खरे म्हणजे ते हवेवरच चालते! पियानोत पट्टी दाबली की आतली नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि सूर निघतो. अशा पट्ट्या असतात ८८. आता या हातोड्या माणसाच्या बोटांवाचून उचलायच्या कशा? जुन्या संगीत नाटकांत साथीला पायाने वाजवायचा ऑर्गन असे, तो ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे चटकन उमजेल. आपल्या हाताच्या पेटीत भाता हवा दाबून सुरांवर ढकलतो. अमेरिकी बनावटीच्या त्या ऑर्गनमध्ये उलटा प्रकार असतो. पायाखालचे भाते पेटीतली हवा बाहेर काढतात, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. वाजणाऱ्या पियानोतही हीच ओढ वापरलेली आहे.

समोर पितळेची एक आडवी पट्टी असते. तिला एका ओळीत ८८ बारीक छिद्रे, आणि प्रत्येक छिद्रामागे एक नळी. या पट्टीवरून कागद सरकत जातो. जोवर कागद कोरा आहे तोवर छिद्र झाकलेले. कागदाचे भोक पट्टीच्या छिद्रावर आले, की चिमूटभर हवा नळीत शिरते, मागची एक लहानशी झडप उघडते, आणि त्या सुराचा बोटभर लांबीचा छोटा भाता मोठ्या भात्याच्या ओढीने एकदम मिटतो. मिटता मिटता तो हातोडीला धक्का देतो. भोक पुढे गेले की झडप बंद, भाता पुन्हा फुगतो. हे सारे एका सेकंदात अनेकदा, आणि ८८ जागी! वीज नाही, काही नाही. बसणाऱ्याने खालचे दोन पायटे हलवत राहायचे, बस्स.

कागदाच्या भोकांनी यंत्राला हुकूम द्यायचा ही युक्ती मात्र विणकरांची. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जकार्ड मागावर निघते, त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लावलेली असते. जिथे भोक तिथे एक धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे नाही. फ्रान्समधल्या जकार्डने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा माग रूढ केला. त्याच फ्रान्समध्ये १८६३ साली फूर्नो नावाच्या माणसाने हवेवर चालणाऱ्या, पियानो वाजवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. न्यू यॉर्कला १८७८ पासून कागदी गुंडाळीवर वाजणाऱ्या छोट्या पेट्या विकणारी एक कंपनी होती. तीच पुढे एओलियन कंपनी या नावाने गाजली. आणि १८९५ मध्ये डेट्रॉइट शहरी एडविन व्होटी याने आपल्या कार्यशाळेत पहिला पियानोला बनवला. तो पियानोच्या आत नव्हता बरे का. एक भलेमोठे लाकडी कपाट पियानोपुढे सरकवून ठेवायचे. त्याला नमदा लावलेली लाकडी बोटे, ती पियानोच्या पट्ट्या दाबत. यंत्र पियानोच्या पोटात गेले ते नंतर.

‘आपोआप’ हा शब्द मी वापरला खरा, पण तो निम्माच खरा आहे. कुठला सूर कधी, हे कागद सांगे. मात्र तो हळू की जोरात, घाईने की रेंगाळून, हे साध्या पियानोलात वाजवणाऱ्याच्या पायांवर आणि हाताखालच्या दांड्यांवर असे. पायाने नुसते यंत्रवत् हाणले तर पियानोही तसाच धोपटल्यासारखा वाजे. रोलच्या आरंभी वेगाचा आकडा छापलेला असे. ७० म्हणजे पहिल्या मिनिटात ७ फूट कागद सरकला पाहिजे. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला जवळजवळ तीस फूट कागद झाला. पुष्कळ रोलांच्या कडेला गाण्याचे शब्दही छापत. कागद वरून खाली उतरतो म्हणून ते खालून वर वाचायचे, आणि घरातली माणसे पियानोभोवती उभी राहून गात.

विसाव्या शतकाची पहिली पंचवीस वर्षे ही या यंत्राच्या भरभराटीची. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत जेवढे पियानो तयार होत, त्यांतले निम्म्याहून अधिक असे यंत्र घातलेले असत. कारण उघड आहे. घरात पियानो असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण, पण तो वाजवायला वर्षानुवर्षे शिकावे लागते. आणि तेव्हाचा ग्रामोफोन कर्ण्यातून किरट्या आवाजात गाई. त्याच्यापुढे खऱ्या तारांचा खरा नाद! सूझा नावाचे बँडचे प्रसिद्ध संगीतकार होते. त्यांनी १९०६ मध्ये एक खरमरीत लेख लिहून इशारा दिला, की या यंत्रांमुळे लोक स्वतः गाणे-वाजवणेच सोडून देतील. त्यांची भीती अगदीच खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण शिक्षकबंधूंनी दुसरीही एक हकिगत ध्यानात ठेवावी. ड्यूक एलिंग्टन हा पुढे जगप्रसिद्ध झालेला जाझ संगीतकार वॉशिंग्टनमध्ये वाढला. जेम्स जॉन्सन या न्यू यॉर्कच्या वादकाची एक अवघड रचना त्याला शिकायची होती. त्याने काय केले? तिचा रोल पियानोवर चढवला, वेग अगदी कमी केला, आणि पट्ट्या आपोआप खाली जात तशी त्यांवर बोटे ठेवून ती रचना आत्मसात केली. एकलव्याची गोष्ट आपण वर्गात सांगतो. एकलव्याचे मातीचे द्रोणाचार्य निदान स्वस्थ बसून होते; हे गुरुजी प्रत्यक्ष पट्ट्या दाबून दाखवत होते!

आता त्या खटल्याकडे वळू. बोस्टनच्या एका संगीत-प्रकाशकाची, व्हाइट-स्मिथ कंपनीची, तक्रार अशी होती, की अपोलो नावाची कंपनी आमच्या मालकीच्या दोन गाण्यांचे रोल काढून विकते आणि आम्हाला दमडीही देत नाही. ही गाणी अ‍ॅडम गाइबेल याची होती. न्यायालयाने विचारले, की प्रत म्हणजे काय? आणि स्वतःच उत्तर दिले, की जी पाहून माणसाला संगीत वाचता येते ती प्रत. रोल पाहून सामान्य माणसाला काही वाचता येत नाही. म्हणून ती प्रत नव्हे. कायद्याच्या अक्षरावर पाहिले तर निकालात चूक काढणे कठीण आहे. पण यातली गंमत पाहा. डोळ्यांना वाचता आले पाहिजे ही ज्याच्या गाण्यांबाबतची अट, तो गाइबेल लहानपणापासून अंध होता. छापील सुरावटही त्याला डोळ्यांनी वाचता येत नव्हतीच!

न्यायमूर्ती होम्स यांनी निकालाला संमती दिली, पण मनाविरुद्ध. त्यांचे म्हणणे असे, की जे यंत्राने तोच स्वरसमूह पुन्हा उभा करते, ते तत्त्वतः प्रतच मानले पाहिजे. कायदा तोकडा असेल तर तो सुधारावा. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, तो सुधारला. प्रत्येक रोलमागे आणि ध्वनिमुद्रिकेमागे रचनेच्या मालकाला दोन सेंट द्यायचे ठरले. मात्र एकदा एकाला परवानगी दिली की दुसऱ्या कोणालाही ठरलेल्या दरात ती नाकारायची नाही, अशीही तरतूद केली, कारण एओलियन कंपनीने आधीच पुष्कळ प्रकाशकांशी करार करून सगळी बाजारपेठ बगलेत मारायचा बेत केला होता. ‘यांत्रिक’ हक्काचे हे मानधन अमेरिकेत आजही त्याच नावाने दिले जाते. मग गाणे कागदावर असो की मोबाइलवर.

त्याच १९०८ च्या डिसेंबरात बफेलो शहरी रोल आणि पियानो बनवणारे कारखानदार एकत्र जमले. मला विचाराल तर या बैठकीला इतिहासात निकालापेक्षा मोठी जागा द्यायला हवी. तोवर ज्याचा त्याचा रोल वेगळ्या मापाचा. बहुतेक यंत्रे ८८ पैकी फक्त ६५ सूर वाजवीत. बफेलोला ठरले, की ८८ सुरांचा रोल सव्वाअकरा इंच रुंद असावा आणि त्यावर एका इंचात नऊ भोकांच्या जागा बसाव्यात. एवढा एक साधा ठराव. पण त्यामुळे १९१२ साली कापलेला रोल आज शंभर वर्षांनंतरही, दुसऱ्याच कंपनीच्या पियानोवर बिनतक्रार चढतो. आपल्याकडची परवाची टेप आज वाजवायला यंत्र मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बैठकीचे मोल कळते.

पण याहून पुढची करामत जर्मनीत आधीच झाली होती. फ्रायबुर्ग गावच्या वेल्टे कंपनीत एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी १९०४ मध्ये ‘वेल्टे-मिन्योन’ हे यंत्र बाहेर काढले. साध्या रोलमध्ये सूर कधी वाजायचा एवढेच असते. यांनी थोर वादकांना आपल्या खास पियानोपुढे बसवले आणि त्यांनी कोणता सूर केव्हा धरला, केव्हा सोडला, एवढेच नव्हे तर कमी-अधिक जोर कसा दिला, तेही कागदाच्या कडेच्या वेगळ्या भोकांत उतरवले. ही नोंद नेमकी कशी घेत, ते कंपनीने गुप्तच ठेवले. असा रोल वाजताना पायांचे काम नाही. जोर कमी-जास्त करणेही यंत्रच पाहते. पुढे अमेरिकेत याच जातीची ड्युओ-आर्ट आणि अँपिको ही यंत्रे निघाली.

वेल्टेपुढे कोण कोण बसले? नॉर्वेचा ग्रीग बसला, फ्रान्सचा दब्युसी बसला. ९ नोव्हेंबर १९०५ रोजी लाइपझिगमध्ये गुस्ताव्ह मालर बसला आणि त्याने आपल्याच चार रचना वाजवल्या. मालर १९११ मध्ये वारला. त्याच्या वादनाची तबकडी नाही. त्याच्या हातचे जे काही ऐकायला मिळते ते या चार रोलांवर.

दब्युसीची हकिगत तर आमच्यासारख्या इतिहासाच्या मास्तरांना फारच आवडावी अशी आहे. समुद्रात बुडालेल्या एका प्रार्थनामंदिरावरची त्याची पियानोसाठीची रचना १९१० मध्ये छापून निघाली. छापील प्रतीबरहुकूम वाजवले तर तिचे काही भाग फार रेंगाळतात. पण छापील ते प्रमाण, म्हणून वादक तसेच वाजवीत राहिले. पुढे कोणीतरी दब्युसीचा स्वतःचा रोल लावून नीट ऐकला. पाहतात तो काय, तेच भाग त्याने शेजारच्या भागांच्या मानाने दुप्पट गतीने वाजवलेले! छापील सुरावटीत या बदलाची स्पष्ट सूचनाच नव्हती. रोल यंत्रावर थोडा जलद लावला किंवा सावकाश लावला तरी या दोन भागांतले प्रमाण बदलत नाही. म्हणून हा पुरावा पक्का. म्हणजे न्यायालयाने जिला प्रत म्हटले असते त्या छापील कागदात उणीव होती, आणि जिला प्रत म्हणायचे नाकारले असते त्या भोकांच्या कागदाने ती भरून काढली.

याचा अर्थ रोल म्हणजे साक्षात् वादक असा मात्र करू नये. कारखान्यात चुकलेले भोक बुजवता येई, राहिलेले पाडता येई. पुष्कळ रोलांत एका माणसाच्या दोन हातांना शक्यच नाही इतके सूर एकदम वाजतात. ते मागून भरलेले असतात. काही रोल तर कोणी वाजवलेलेच नसतात, आकडेमोड करून कागदावर आखलेले असतात. लॉरेन्स कुक या कृष्णवर्णीय अमेरिकन कारागिराने क्यू. आर. एस. कंपनीत अशा रीतीने हजारो रोल सिद्ध केले. ते काम इतके बेमालूम, की ऐकणाऱ्याला समोर वादक बसला आहे असेच वाटावे. जोराची नोंदही ढोबळच म्हणायची. साक्षीदार चांगला आहे, पण उलटतपासणी घेतल्यावाचून त्याचे सगळे म्हणणे लिहून घेऊ नये.

मग हे सगळे बुडाले कसे? १९२५ मध्ये विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि तबकडीचा आवाज एकदम सुधारला. त्याच सुमारास रेडिओ घरोघर गेला, आणि रेडिओवर बोलताना हे कबूल करायलाच हवे की पियानोलाचा गळा आवळण्यात या आमच्या पेटीचा हात मोठा होता. वर १९२९ ची मंदी आली. १९३२ मध्ये एओलियन आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी अमेरिकन पियानो कंपनी यांना जीव वाचवण्यासाठी एकत्र यावे लागले. घरोघरी काय झाले? वजन कमी व्हावे म्हणून लोकांनी पियानोच्या पोटातली यंत्रे उपसून भंगारात टाकली, आणि रोल पेटाऱ्यात भरून माळ्यावर. तिकडे फ्रायबुर्गला १९४४ च्या नोव्हेंबरात झालेल्या बाँबवर्षावात वेल्टेचा कारखाना बेचिराख झाला.

अशा वेळी ही यंत्रे जपली कोणी? संगीताच्या विद्यापीठांनी नाही, मोठ्या संग्रहालयांनीही फारशी नाही. त्यांच्या लेखी हा बाजारू खेळ होता. जपली ती हौशी माणसांनी. कॅलिफोर्नियाच्या रिचर्ड सायमंटन याने युद्ध संपल्यावर जर्मनीत जाऊन वेल्टे आणि बोकिश या वृद्धांना शोधून काढले. त्यातून जुन्या रोलांचे वादन १९५० मध्ये लाँग-प्लेइंग तबकड्यांवर आले. इंग्लंडात १९५९ मध्ये प्लेअर पियानो ग्रुप ही मंडळी जमली. अमेरिकेत १९६१ मध्ये हार्वी रोल याचे या पियानोंवरचे सचित्र पुस्तक निघाले (आडनाव रोल हा निव्वळ योगायोग), आणि १९६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संग्राहकांची संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी फ्रँक हॉलंड या इसमाने लंडनजवळ ब्रेंटफर्डला एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये आपल्या पियानोंचे संग्रहालय मांडले. ते संग्रहालय २००७ मध्ये नव्या इमारतीत गेले.

संग्राहकांची पहिली अडचण अशी, की यंत्र मिळाले तरी ते मुके असते. लाकूड आणि तारा टिकतात. पण रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात, भात्यांचे कापड झिरपू लागते, झडपांचे कातडे वाळते. ओढ कमी झाली की संपले. म्हणून पियानो पूर्ण खोलून, ८८ च्या ८८ छोटे भाते नव्या कापडाने मढवावे लागतात. हे काम महिनोन्महिने चालते. जुन्या कारागिरांनी सगळे सांधे सरसाने जोडलेले असत. आपल्या सुतारांना ठाऊकच आहे, सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. ज्याने सांधा जोडला त्याने पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची सोय पाहिली होती! मधल्या काळात ज्यांनी नव्या पक्क्या गोंदाने हे सांधे चिकटवून टाकले, त्यांनी मात्र पुढच्याच्या कपाळी लाकूड फोडण्याची पाळी आणली.

दुसरी अडचण रोलची, आणि ती अधिक नाजूक. जुने रोल मिळत नाहीत असे नाही. १९२० ते १९३० मधल्या लोकप्रिय गाण्यांचे रोल ढिगांनी सापडतात, कारण तेच ढिगांनी विकले गेले होते. संग्राहकाला हवे असतात ते नेमके तेव्हा कोणी न घेतलेले: एखाद्या मोठ्या वादकाचे अवघड संगीत, किंवा १९३० नंतरच्या पडत्या काळात काढलेले थोडे रोल. शिवाय जातीभेद आहेतच. ६५ सुरांचा जुना रोल ८८ च्या पियानोवर चालत नाही. वेल्टेचा लाल कागदाचा रोल रुंदीलाच जास्त. ड्युओ-आर्ट आणि अँपिको यांची रुंदी नेहमीचीच, पण जोराच्या खुणांची भाषा निराळी. एकाचा रोल दुसऱ्यावर चढवला तर सूर बरोबर वाजतात आणि भाव सगळा हरवतो.

आणि कागद? तो स्वस्त लाकडी लगद्याचा, आम्लाचा अंश असलेला. वर्षे गेली की तांबूस होतो, बिस्किटासारखा तुटतो. कड जराशी फाटली की कागद पट्टीवर तिरका सरकतो आणि शेजारचाच सूर वाजू लागतो. इथे संग्राहकापुढे खरा पेच उभा राहतो. रोल वाजवला की झिजतो, कदाचित त्याच वेळी फाटतो. न वाजवता कपाटात ठेवला तर तो कपाटातच कुजतो, आणि त्यात काय होते ते कोणी ऐकलेलेही नसते. यावर साठीच्या दशकापासून लोकांनी काढलेला उपाय म्हणजे नक्कल. दुर्मिळ रोल एकाकडे सापडला की पाच-पंचवीस जणांनी वर्गणी काढायची, मूळ रोलवरून छिद्र पाडणाऱ्या यंत्रावर नव्या कागदाच्या प्रती कापायच्या, आणि वाटून घ्यायच्या.

नवे रोल बनवणारे मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. १९०० मध्ये स्थापन झालेली क्यू. आर. एस. कंपनी तेवढी तगली. १९६६ नंतर ती नव्या मालकाबरोबर न्यू यॉर्क सोडून बफेलोला गेली, म्हणजे जिथे मापे ठरली त्याच गावी. ३१ डिसेंबर २००८ रोजी तिथलेही रोल कापण्याचे काम थांबले. पुढे ते थोड्या प्रमाणावर पुन्हा सुरू झाले.

एक माणूस मात्र या सगळ्या जुन्याच्या ओढीपासून दूर उभा होता, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कॉनलन नॅनकॅरो हा अमेरिकन, स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेला, १९४० मध्ये मेक्सिको शहरी जाऊन राहिला. माणसाच्या बोटांना जमणार नाही असे संगीत त्याच्या डोक्यात होते: एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या गतींनी चालणारे. १९४७ मध्ये न्यू यॉर्कहून त्याने रोलला भोके पाडायचे यंत्र मिळवले आणि पुढची चार-पाच दशके तो एकेक भोक हाताने पाडत रचना करीत बसला. काही मिनिटांच्या संगीताला महिने लागत. जग ज्या यंत्राला टाकून पुढे गेले होते, त्याच्यावर तो जगाच्या पुढचे संगीत लिहीत होता. १९९७ मध्ये तो वारला. त्याचे कागद आता स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या एका संस्थेत आहेत.

अलीकडे विद्यापीठांचीही नजर या कागदांकडे वळली आहे. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी डेनिस काँडन यांनी आयुष्यभर जमवलेले साडेसात हजारांहून अधिक रोल त्यांच्या निधनानंतर, २०१४ मध्ये, अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने घेतले. तिथे रोल कॅमेऱ्याखालून हळुवार सरकवतात, त्याचे अखंड छायाचित्र घेतात आणि संगणकाकडून प्रत्येक भोकाची जागा मोजून घेतात. मूळ कागदाला एकदाच त्रास. पुढे ऐकणे त्या मोजमापांवरून. झिजण्याचा पेच अशा रीतीने बराचसा सुटतो.

पण मोजमाप हाती आले तरी एक प्रश्न राहतोच, तो वेगाचा. वाजताना रोल एका नळकांड्यावरून सुटून दुसऱ्यावर गुंडाळला जातो. जसजसा कागद गुंडाळला जाईल तसतसे ते दुसरे नळकांडे जाड होत जाते, आणि तेवढ्याच फेऱ्यांत अधिक कागद ओढते. म्हणजे शेवटाकडे कागद सुरुवातीपेक्षा जलद धावतो. विहिरीवरच्या रहाटाला दोराचे वेढे वाढत गेले की पोहरा जसा भराभर वर येतो, तसेच हे. पियानोत हा हिशेब नळकांडे आपसूक करते. संगणकाला तो शिकवावा लागतो. त्यासाठी जुन्या कागदाची जाडी किती, नळकांड्याचा घेर किती, मूळ यंत्र मिनिटाला किती कागद ओढीत असे, हे मोजावे लागते, आणि ते मोजायला चालू स्थितीतले यंत्र हाताशी असावे लागते. म्हणूनच स्टॅनफर्डने काँडन यांच्या रोलांबरोबर त्यांचे पियानोही नेले.